पडदा बोलतो की आपण?

परीक्षेची भीती ही आम्हां विद्यार्थ्यांची वडिलोपार्जित मालमत्ता. आजोबा-पणजोबांपासून ती चालत आली आहे आणि पुढच्या पिढ्यांनाही ती बिनतक्रार मिळेल. आमच्या पिढीने या मालमत्तेत जी नवी भर घातली ती म्हणजे सेमिनारची भीती. परीक्षेत आपण काय दिवे लावले ते आपल्याला आणि परीक्षकालाच ठाऊक असते. सेमिनारला मात्र वर्गातले दिवे मालवले जातात, खिडक्यांचे पडदे ओढले जातात, प्रोजेक्टरचा झोत भिंतीवर पडतो आणि आता ही काय दिवे लावते ते पाहायला सारा वर्ग सावरून बसतो.

अशा वेळी समोरचा पांढरा पडदा मोठा दयाळू वाटतो. सगळ्यांचे डोळे तो आपल्यावरून काढून स्वतःवर घेतो. मग आपणही त्याच्याकडे तोंड करून, म्हणजे वर्गाकडे पाठ करून, त्याच्यावर जे लिहिले आहे ते वाचू लागतो. आमच्या वर्गातील बहुतेक सेमिनार मी असेच ऐकले आहेत. पहिल्या स्लाइडवर विषयाचे नाव अक्षरागणिक वरून घरंगळत येते. दुसरीवर अनुक्रमणिका. मग मुंग्यांची रांग लागावी तशा बारीक इंग्रजी अक्षरांच्या पंधरा-वीस स्लाइड. शेवटी गुलाबाचे फूल आणि 'थँक यू'. मधल्या काळात वर्गाचे काय होते ते सांगायला नको. स्लाइड दिसताच मुले ती मनात वाचून मोकळी होतात. बोलणारा अजून दुसऱ्या ओळीवरच असतो. बसस्टँडवरची जाहिरात एकदा वाचून झाली की ती आपण पुन्हा वाचत नाही. मग कुणी खिडकीकडे पाहतो, कुणी बाकाखाली मोबाईल उघडतो, आणि टाळ्या मात्र गुलाबाच्या फुलाला नेमाने पडतात.

मी गुंजीची. बेळगावहून गोव्याकडे जाताना खानापूरच्या पुढे आणि लोंढ्याच्या अलीकडे आमचे गाव लागते. घरात मराठी, शाळेत मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि कॉलेजच्या पुस्तकात इंग्रजी, अशा तीन भाषांतून आमचा रोजचा प्रवास चालतो. आमच्यासारख्यांना सेमिनारची जी भीती वाटते ती विषयाची नसते, भाषेची असते. आता आपल्या इंग्रजीला कोणीतरी हसणार ही ती भीती. म्हणून कुठून तरी तयार इंग्रजी वाक्ये उचलायची आणि स्लाइडवर चिकटवायची. उसने दागिने घालून लग्नाला जावे, तसाच हा प्रकार. लांबून सारे झकास दिसते, पण कोणी जवळ येऊन विचारले, "किती तोळ्यांचा गं?" की पंचाईत. प्राध्यापकांनी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की वर्गात जी शांतता पसरते ती याच पंचाईतीची. बैलहोंगलकडून कन्नड माध्यमातून आलेल्या माझ्या मैत्रिणींची अवस्था यापेक्षा निराळी नाही. मराठी आणि कन्नड यांचे आपल्या भागात अनेक बाबतींत एकमत होत नाही. परंतु या पडद्याआड लपायच्या बाबतीत आमच्यात आजवर कधी मतभेद झाल्याचे मला आठवत नाही!

वास्तविक हे साधन लपण्यासाठी निर्माण झालेले नाही. आज आपण सगळेच ज्याला 'पीपीटी' म्हणतो ते पॉवरपॉइंट अमेरिकेत १९८७ साली बाजारात आले. फोरथॉट नावाच्या एका छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन आणि त्यांचे सहकारी त्यावर काम करीत होते. प्रथम त्याचे नाव 'प्रेझेंटर' होते, म्हणजे मांडणी करणारा. पहिली आवृत्ती अॅपलच्या मॅकिंटॉश संगणकावर चालत असे आणि तीही काळ्या-पांढऱ्यातच. पडद्यावर थेट काही दाखवण्याची सोय तेव्हा नव्हतीच. संगणकावर पान तयार करायचे, ते पारदर्शक कागदावर उतरवायचे आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायचे, एवढाच त्याचा उपयोग. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक कोटी चाळीस लाख डॉलर देऊन ती कंपनी विकत घेतली. आमचे काही प्राध्यापक अजून त्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या गोष्टी सांगतात. पारदर्शक कागदावर स्केचपेनने स्वतः लिहावे लागे, कागद मोजके असत. त्यामुळे काय लिहायचे आणि काय गाळायचे याचा विचार आपोआप होई. आता स्लाइडला पैसे पडत नाहीत, आणि फुकटच्या गोष्टीला धरबंध राहत नाही.

पडद्यावर लिहिलेलेच वाचून दाखवले तर ऐकणाऱ्याला ते का पोहोचत नाही, याचा विचार जाणत्यांनी केलेला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्रे आणि शब्द यांच्या साहाय्याने माणूस कसा शिकतो यावर अनेक वर्षे प्रयोग केले. चित्र दाखवून तोंडाने समजावले तर ते चांगले कळते. परंतु तेच शब्द शेजारी लिहूनही दाखवले तर समज वाढण्याऐवजी बहुधा कमी होते, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. डोळे वाचू लागले की कान मागे पडतात. डोळ्यांची चाल जलद, जिभेची चाल संथ; एका दावणीला बांधलेल्या या दोन बैलांची ओढाताण होते आणि नांगर जागच्या जागी राहतो.

ही ओढाताण वर्गात फार तर दोन गुण घालवते. पण कधी कधी तिची किंमत मोठी असते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना कोसळले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच त्या आघाताचा अभ्यास झाला आणि तो स्लाइडच्या रूपाने वरिष्ठांपुढे मांडला गेला. पुढे एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने त्यांतील एका स्लाइडची चिरफाड केली. तिचे शीर्षक धीर देणारे होते. जुन्या चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा प्रत्यक्ष आदळलेला तुकडा सहाशे पटींहून मोठा होता, ही मुख्य गोष्ट मात्र तळाशी, बारीक अक्षरांत, मुद्द्याच्या पोटमुद्द्यात दडलेली होती. अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळानेही आपल्या अहवालात या पद्धतीवर ताशेरे ओढले. स्लाइडमुळे यान पडले असे कोणी म्हणणार नाही. परंतु जे ओरडून सांगायला हवे होते ते तिथे पुटपुटले गेले, एवढे खरे.

इतक्या लांब कशाला जायला हवे? दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्याच गावात भातावरच्या रोगांविषयी एक माहितीचा कार्यक्रम झाला. शाळेची खोली, लॅपटॉप, प्रोजेक्टर, खिडकीला लावलेले पोते आणि समोर सतरंजीवर बसलेले तीस-चाळीस शेतकरी. बोलणारे गृहस्थ विषयातले जाणकार होते आणि मनापासून बोलत होते. परंतु स्लाइड काही इंग्रजीत, काही कन्नडात. आमच्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांना मराठी अक्षरही धड लागत नाही. रोगाचे शास्त्रीय नाव, औषधाचे नाव, पाण्यातले प्रमाण, सारे पडद्यावर सरकत गेले. आबा माझ्या शेजारी बसून डुलक्या घेत होते. शेवटी त्या गृहस्थांनी आपल्या मोबाईलवरचा दीडेक मिनिटाचा एक व्हिडिओ लावला. कुठल्याशा शेतात उभे राहून त्यांनीच तो काढला होता. एक हात भाताचे पान उलटून दाखवत होता. पानावर मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी असे होडीच्या आकाराचे ठिपके. त्याबरोबर आबा खडबडून जागे झाले. "ह्यो करपा! आमच्या खालच्या शेतात हाय ह्यो." सगळी खोली एकदम बोलू लागली. कोणी म्हणाले आमच्यात आला आहे, कोणी विचारले आता फवारायचे काय. तो सगळा शेवटचा अर्धा तास कामी आला. घरी जाताना आबा म्हणाले, "माणूस हुशार हाय गं. पण पयला तासभर आमच्याकडं पाठ करून बोलला."

आबांचे ते वाक्य माझ्या मनात राहिले. पडद्याकडे पाहून बोलणे आणि माणसांकडे पाहून बोलणे यांतला फरक त्यांनी कोणतेही पुस्तक न वाचता ओळखला होता. आणि दुसरी गोष्ट मला त्या दिवशी उमगली. पडद्यावर अक्षर उमटले की ते कोणत्या तरी एका भाषेचे होते आणि बाकीच्या दोन भाषांची माणसे दाराबाहेर राहतात. पानावरचा ठिपका मात्र ना मराठी, ना कन्नड, ना इंग्रजी. तो ज्याच्या शेतात आला त्याचा.

या दृष्टीने पाहू लागले तेव्हा ध्यानात आले की हे साधन आपल्याला परके नाही. आपल्या मुलखात हा धंदा फार जुना आहे. इतिहासाच्या अभ्यासात मला शांबरिक खरोलिकेचे नाव भेटले. शांबरिक म्हणजे मायावी, आणि खरोलिका म्हणजे दिवा. कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास या मायावी दिव्याचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे दिव्याच्या झोतात मोठी करून पडद्यावर पाडायची. एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्थांच्या काचा झरझर बदलल्या की आकृती हलल्यासारखी वाटे. मुंबईत ल्युमिए बंधूंची पहिली चलत्‌चित्रे दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे त्याच्याही आधी कल्याणच्या या घराण्याने मराठी माणसाला पडद्यावर कथा दाखवली होती. काचांवर चित्रे होती. कथा, संवाद आणि गाणे ही पडद्याजवळच्या माणसांची कामगिरी होती.

सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी दाखवतात ती याहून जुनी रीत. चित्रांची एक चवड समोर ठेवायची, एक एक चित्र उचलून धरायचे, वाद्यांच्या साथीने त्या प्रसंगाची कथा गायची, आणि प्रसंग संपला की पुढचे चित्र वर. ही कला टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री जाहीर झाली. मला विचाराल तर आमच्या वर्गातल्या प्रत्येकाने सेमिनारच्या आधी एकदा चित्रकथी पाहावी. चित्र किती वेळ ठेवायचे आणि केव्हा खाली घ्यायचे, हे त्या कलावंतांना जितके कळते तितके आम्हांला माउस हातात घेऊनही कळत नाही.

आणि आपल्या या सीमेवरच्या मासिकात ज्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही ते म्हणजे कर्नाटकातील किळ्ळेक्यात. कातड्याच्या रंगवलेल्या बाहुल्या पांढऱ्या कापडाआड नाचवून ते रामायण-महाभारतातील प्रसंग दाखवतात. कन्नडमध्ये त्याला तोगलु गोंबेयाट म्हणतात. मागे दिवा, पुढे कापड आणि कापडावर रंगीत सावल्या. पण खरी मौज पुढेच आहे. या मंडळींची घरची बोली मराठीची आणि खेळ कन्नडचा! चुलीपाशी एका भाषेत बोलायचे आणि पडद्यामागून दुसऱ्या भाषेत हसवायचे-रडवायचे, हे त्यांनी पिढ्यान्पिढ्या केले. तीन भाषांत आपली कोंडी होते म्हणून रडणाऱ्या आम्हां पोरांनी त्यांच्याकडे पाहावे. त्यांच्या पडद्यावर एक अक्षर नसते. बोलणारा मात्र इतका तयार असतो की दिवा आणि कापड एवढ्यावर तो सारे गाव जागवतो.

चलत्‌चित्राचा उपयोग कशासाठी करावा हे शिकायचे तर दादासाहेब फाळक्यांकडे जावे. १९१२ साली त्यांना चित्रपट काढायचा होता. पण त्यासाठी पैसा कोण देणार? हिंदुस्थानात असे काही होऊ शकते यावर विश्वास कोणाचा बसावा? फाळक्यांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याची रोज थोडी थोडी चित्रे घेत राहिले. मग ती फीत सलग फिरवली तेव्हा अंकुर फुटून रोप पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाढले. 'अंकुराची वाढ' या नावाने ती फीत ओळखली जाते. ती पाहून पैसे देणारा मनुष्य पुढे आला. सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते तेवढेच फाळक्यांनी फितीवर दाखवले आणि बाकीचे तोंडाने सांगितले. व्हिडिओ केव्हा वापरावा या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

गेल्या वर्षी आम्हांला दोघी-दोघींना मिळून स्थानिक उद्योगावर सेमिनार द्यायचा होता. माझी जोडीदारीण बैलहोंगलकडची, घरची भाषा कन्नड. आम्ही खानापूर भागातील कुंभारकाम हा विषय घेतला. खानापूरची माती आणि तिथली भांडी-कौले यांची ख्याती जुनी. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही खानापुरात आहे. आम्ही एका कुंभारवाड्यात गेलो. "मामा, व्हिडिओ काढू काय?" असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "काढा की. पण त्वांड नको. हात काढा. काम हात करत्यात." आम्ही त्यांचे हातच काढले. चाकावरचा गोळा अंगठ्याने मध्ये दाबला की त्याचा वाडगा कसा होतो, दोऱ्याने भांडे चाकावरून कसे सोडवतात, आतून गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने मडक्याचे पोट कसे फुगवतात. शेवटी मामांनी दोन भाजलेली मडकी आणली आणि बोटाने वाजवली. एक ठणठणीत वाजले. दुसरे बद्द वाजले. "हे ऐकू आलं की घ्यायचं, हे ऐकू आलं की सोडायचं," ते म्हणाले.

आमच्या सेमिनारला नऊच स्लाइड होत्या. सहा छायाचित्रे, एक नकाशा आणि दोन छोटे व्हिडिओ. नकाशावरची नावे सोडली तर कोठे अक्षर नाही. आम्ही बोललो इंग्रजीतच, कारण नियम तसा. पण ते इंग्रजी आमचे होते, आखूड वाक्यांचे आणि जरासे अडखळणारे. चाक पडद्यावर फिरू लागले आणि मडक्याचा आकार उभा राहिला तेव्हा मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "गाडगं!" आणि पलीकडून दुसरा म्हणाला, "गडिगे!" सारा वर्ग हसला. दोन्ही भाषांनी एकाच भांड्याला कान धरून उचलल्यासारखे ते झाले. माझ्या जोडीदारिणीने लगेच सांगितले की मराठीतले चाक कन्नडात तिगरी होते, आणि मग शब्दांची देवाणघेवाण सुरू झाली ती सरांनी हात वर करीपर्यंत थांबली नाही. दोन मडक्यांचा आवाज ऐकवून आम्ही विचारले, यांतले कोणते विकत घ्याल? सगळ्यांनी बरोबर उत्तर दिले. मग सरांनी प्रश्न केला, मातीत राख का मिसळतात? तिचे उत्तर कोणत्याही स्लाइडवर नव्हते. परंतु आम्ही मामांना राख मिसळताना पाहिले होते आणि तेव्हाच त्यांना विचारलेही होते. नुसत्या मातीचे भांडे वाळताना तडकते, ते आम्ही दोघींनी एका श्वासात सांगून टाकले. गुण किती मिळाले ते महत्त्वाचे नाही. त्या वीस मिनिटांत मी पडद्याकडे पाठ करून वर्गाकडे पाहत होते, आणि माझ्या इंग्रजीला हसायला कोणाला सवड नव्हती.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगते, कारण नुसत्या उपदेशाने कोणाचा सेमिनार पार पडत नाही. आधी कागदावर ठरवावे की आपल्याला एका वाक्यात काय सांगायचे आहे. ते ठरेपर्यंत लॅपटॉप उघडू नये. प्रत्येक स्लाइडपाशी स्वतःला विचारावे की हे तोंडाने सांगता येईल का? येत असेल तर ते पडद्यावर नको. जे अक्षर घालायचे ते मागच्या बाकावरून वाचता आले पाहिजे. न आले तर ते नसल्यासारखेच. फिक्या रंगावर फिके अक्षर आमच्या अर्धवट अंधारलेल्या खोलीत पार नाहीसे होते. अक्षरे नाचवू नयेत, उडवू नयेत. ज्याचे बोलणे कंटाळवाणे त्याची अक्षरे नाचून उपयोग नाही.

मराठी-कन्नड लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. घरी जुन्या श्रीलिपीत किंवा नुडीत टाइप केलेली फाईल कॉलेजच्या संगणकावर उघडली की तिथे ना मराठी असते ना कन्नड. केवळ चौकोन आणि चिन्हे यांचा बाजार. युनिकोडमध्ये टाइप करावे आणि पीडीएफची एक प्रत जवळ ठेवावी. व्हिडिओ इंटरनेटवरून लावण्याच्या भरवशावर राहू नये. पावसात आमच्याकडे रेंज कुठे लपते ते तिलाच ठाऊक. व्हिडिओ पेनड्राइव्हवर, स्लाइडच्या फाईलसोबत त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. तो मिनिटभराचा असावा आणि लावण्यापूर्वी काय पाहायचे ते वर्गाला सांगावे, म्हणजे डोळे योग्य जागी जातात. माणसाचा व्हिडिओ त्याला विचारल्यावाचून काढू नये. आणि ही एक युक्ती फार थोड्यांना माहीत आहे: स्लाइड शो चालू असताना कळफलकावरील 'बी' ही कळ दाबली की पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की चित्र परत येते. महत्त्वाचे बोलायचे असेल तेव्हा पडदा काळा करावा. सगळे डोळे आपल्याकडे वळतात. पहिल्यांदा धडकी भरते, मग बरे वाटते.

शेवटची तयारी करंट जाण्याची. आपल्या भागात जून ते सप्टेंबर ती प्रत्येकाने ठेवलीच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गात दोन सेमिनार ओळीने करंट गेल्यामुळे अडले. एकाने हात चोळत वाट पाहिली. दुसरीने खडू घेतला, फळ्यावर तीन रेघांत मलप्रभेचा कणकुंबीपासूनचा प्रवाह काढला आणि बोलू लागली. करंट आला तेव्हा प्रोजेक्टर लावा असे तिला कोणी म्हटले नाही. स्लाइडशिवाय जो बोलू शकतो त्याच्याच स्लाइड उपयोगाच्या असतात.

आता तर विषयाचे नाव सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटाभरात वीस स्लाइड तयार करून देते, चित्रांसह आणि निर्दोष इंग्रजीसह. उसन्या दागिन्यांचे दुकान आता चोवीस तास उघडे आहे. या साधनाचा मी द्वेष करीत नाही; पण त्याला खानापूरच्या कुंभारवाड्यात जाऊन मडके वाजवून पाहता येत नाही. सुंदर स्लाइड जेव्हा सगळ्यांच्याच असतील तेव्हा वर्गात कोणाचे ऐकले जाईल? ज्याने काहीतरी स्वतः जाऊन पाहिले असेल, विचारले असेल, हाताने चाचपले असेल, त्याचेच.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सेमिनारला पडद्यावर एखादे असे चित्र आणा, जे तुमच्या गावाखेरीज दुसरीकडे मिळणार नाही. कणकुंबीचा झरा आणा, हलशीच्या देवळातली मूर्ती आणा, आजीचा जात्यावरचा हात आणा. त्यावर एकही शब्द लिहू नका. मग वर्गाकडे तोंड करा आणि जशी येईल तशी, आपल्या तोंडच्या भाषेत सुरुवात करा. मराठी मुले ऐकतील, कन्नड मुले ऐकतील, आणि न जाणो, परीक्षकही झोपेतून जागे होतील!